पहिली मोटारसायकल घेताना

परभणी जिल्हा हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला, काळ्या कसदार जमिनीचा आणि कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी पिकविणारा जिल्हा आहे. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी रेल्वेचा लाभ परभणी, पूर्णा, सेलू, मानवत रोड, गंगाखेड अशा मोजक्या ठिकाणांना मिळतो. एस. टी. ची गाडी बहुतेक गावांच्या वाटेवर धावते. परंतु तिची वेळ आणि दूध घालणाऱ्याची, महाविद्यालयात जाणाऱ्याची वा दवाखाना गाठू पाहणाऱ्याची वेळ जुळतेच असे नाही. ही उणीव गेल्या चार दशकांत दुचाकीने भरून काढली आहे.

पूर्वी गावात फटफटीचा आवाज आला की पोरे रस्त्यावर धावत. ती फटफटी बहुधा राजदूत, येझदी किंवा बुलेट असे, आणि तिचा मालक गावातील मोजक्या सधन मंडळींपैकी एक. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची, चार स्ट्रोकची, थोड्या पेट्रोलवर दूर जाणारी मोटारसायकल बाजारात आली आणि त्याच वर्षी मराठवाड्यात वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर मोटारसायकल हळूहळू सामान्य शेतकऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली. आज जमीन आणि घर यांच्यानंतर अनेक कुटुंबांची सर्वांत मोठी खरेदी हीच असते. ती बरेचदा कापूस किंवा सोयाबीन विकून हाती आलेल्या पैशांतून, नाहीतर हप्त्यांवर केली जाते.

तथापि या सोयीची दुसरी बाजू डोळ्यांआड करता येत नाही. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ म्हणजे शंभरात सुमारे ४४ जण दुचाकीवरील होते, आणि हेल्मेट नसताना मृत्यू पावलेल्यांची संख्या ५०,०२९ इतकी होती. पहिली मोटारसायकल निवडणे हा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीचा वा रंगाचा राहत नाही.

उभी गाडी सांभाळता येते काय?

शोरूममध्ये गेलेला तरुण बहुधा दोन प्रश्न विचारतो. अ‍ॅव्हरेज किती देते? आणि पिकअप कसा आहे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु नवशिक्याने त्यांच्याही आधी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा : ही गाडी उभी असताना मला सांभाळता येते काय?

मोटारसायकल वेगात असते तेव्हा फिरत्या चाकांमुळे व पुढे जाण्याच्या गतीमुळे ती आपला तोल बऱ्याच अंशी आपणच राखते. माणसाच्या चालीच्या वेगाला आली की तो भार चालकाच्या पायांवर व मनगटांवर येतो. अरुंद गल्लीत गाडी वळविताना, मोंढ्याच्या गर्दीत थांबत थांबत जाताना, उतारावर मागे कोणी बसत असताना किंवा चिखलातून गाडी ढकलताना तिचे सगळे वजन चालकाला पेलावे लागते. नवशिक्याची गाडी पडते ती बहुधा अशाच वेळी. वेगाची धास्ती सर्वांनाच असते, वजनाचा विचार मात्र फार थोडे जण करतात.

इंधन व तेल भरलेल्या स्थितीत शाइन १०० या गाडीचे वजन सुमारे ९९ किलो असून स्प्लेंडर प्लसचे ११२ किलोच्या आसपास आहे. पल्सर १५० चे ते सुमारे १४८ किलो भरते, तर क्लासिक ३५० चे जवळजवळ १९५ किलो. ही नावे केवळ उदाहरणादाखल दिली आहेत. त्यांत कोणत्याही कंपनीची शिफारस करण्याचा हेतू नाही. परंतु स्प्लेंडर आणि क्लासिक यांच्या वजनातील फरक युरियाच्या जवळजवळ दोन गोण्यांइतका आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. बांधावरून घसरलेली शंभर किलोची गाडी एकटा माणूस कसाबसा उचलतो. दोनशे किलोची गाडी उचलण्यासाठी त्याला रस्त्यावरून कोणी येण्याची वाट पाहावी लागते.

वजनाच्या जोडीला बैठकीची उंची येते. आपल्याकडील बहुतेक साध्या मोटारसायकलींची बैठक जमिनीपासून ७८० ते ८१० मिलिमीटर उंच असते. हा आकडा माहितीपत्रकात मिळतो, परंतु तेवढ्याने भागत नाही. बैठक रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि त्याच उंचीच्या गाडीवर पाय टेकेनासे होतात. यास्तव गाडीवर प्रत्यक्ष बसून पाहणे हाच खरा उपाय होय. दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीवर नीट टेकावेत. एक पाय पूर्ण टेकला तर अधिक चांगले. मग गाडी डबल स्टँडवरून स्वतः उतरवावी, पुन्हा चढवावी, इंजिन बंद ठेवून वीस पावले पुढे व पाच पावले मागे ढकलावी. कोणाला तरी मागे बसवून, गाडी किंचित डावी-उजवीकडे कलती करून, तोल राखता येतो का तेही पाहावे. ही परीक्षा शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर जड गेली, तर जिंतूरकडील चढ-उतारांवर ती जमण्याची आशा धरू नये. विक्रेत्याला याचा थोडा कंटाळा येईल, पण त्याची भीड बाळगण्याचे कारण नाही.

गाडी कोणाची, आणि निवड कोणाची?

ही परीक्षा जो गाडी चालविणार त्यानेच द्यावयाची असते. आपल्याकडे मात्र मुलाची गाडी मामा ठरवितो, मुलीची भाऊ ठरवितो, आणि शोरूमच्या दारात पाच माणसे मत देत उभी असतात. लग्नात जावयाला मोटारसायकल देण्याची प्रथाही काही ठिकाणी टिकून आहे. मागणी करून घेतलेली अशी गाडी म्हणजे हुंडाच आणि १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, हे तर खरेच. शिवाय मांडवात मान राखण्यासाठी म्हणून ती नेमकी मोठी व वजनदार निवडली जाते, आणि पुढे ती चालविणाऱ्याच्या उंचीशी वा कामाशी तिचा काही संबंध नसतो.

आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, शिक्षिका आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मुली यांना बहुधा बिनगिअरची स्कूटर सुचविली जाते. शहरात व चांगल्या डांबरी रस्त्यावर ती सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु स्कूटरची चाके साधारणपणे दहा ते बारा इंचांची असतात, तर शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलींची सतरा-अठरा इंचांची. मोठे चाक खड्ड्यावरून निघून जाते, लहान चाक त्यात उतरते. ज्या स्त्रीला रोज खराब रस्त्याने वाडी-वस्तीवर जावे लागते, तिने हलकी मोटारसायकल शिकून घेण्यात काहीच वावगे नाही. नऊवारी किंवा सहावारी नेसून मागे बसणाऱ्यांसाठी साडी गार्ड आणि पकडण्याचे हँडल बसविणे नियमानुसार बंधनकारक आहे. गाडीची शोभा जाते म्हणून ते काढून टाकणारे महाभाग पुष्कळ भेटतात. चाकात पदर अडकून होणारे अपघात त्यांनी ऐकलेले नसावेत.

काळी माती आणि डांबरी सडक

निवडीचा पुढचा निकष म्हणजे रस्ता. कल्याणहून अहिल्यानगर, पाथरी, मानवत, परभणीमार्गे नांदेड व निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्याच्या मधून जातो. त्यावर ट्रक, बस व उसाच्या ट्रॉल्या धावतात. उलट, गावातून शेताकडे जाणारी पांदण पावसाळ्यात चिखलाने भरते. ज्याचे बहुतेक जाणे-येणे महामार्गावरून होते त्याची गरज वेगळी, आणि ज्याला दिवसातून दोनदा पांदणीने जावयाचे त्याची वेगळी.

काळ्या मातीचा गुण असा की ती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. त्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्तासुद्धा जागोजागी खचतो आणि लाटेसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर जमिनीपासून इंजिनापर्यंतचे अंतर पुरेसे असलेली, उंच चाकांची, मऊ शॉकअ‍ॅब्सॉर्बरची गाडी उपयोगी पडते. पुढच्या चाकावरील मडगार्ड आणि टायर यांच्यातील जागा पाहून घ्यावी. ती अगदी कमी असेल तर चिकट माती तेथे ठासून बसते, चाक फिरेनासे होते आणि गाडी जागीच अडकते. शर्यतीच्या गाडीसारखे दिसणारे पुढे वाकून बसण्याचे हँडल, रुंद टायर व खाली उतरलेला सायलेन्सर यांचा पांदणीवर उपयोग नसतो. किंबहुना ओल्या काळ्या रानात कोणतीही मोटारसायकल घालू नये. ती डांबरी सडकेवर लावून शेवटचा फर्लांग चालत जाणारा शेतकरी जुना असो वा नवा, शहाणाच म्हणावा लागेल.

थांबण्याचे गणित

इंजिन किती सीसीचे असावे, या प्रश्नाचे उत्तर खरे तर ब्रेकच्या बाजूने शोधावे लागते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत सावध चालकालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात ११ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लावल्यास आणखी सुमारे १२ मीटरांवर थांबते. एकूण २३ मीटर झाले. वेग ६० असेल तर हे अंतर सुमारे ४५ मीटर होते आणि ८० असेल तर ७० मीटरांच्याही पुढे जाते. म्हणजे वेग दुप्पट केला तर थांबण्याचे अंतर तिप्पट होते. रात्री खाली केलेल्या दिव्याच्या उजेडात साधारणतः तीस-चाळीस मीटरच रस्ता स्पष्ट दिसतो. त्या अंधारात मागे लाल पट्टी नसलेली बैलगाडी, बिघडून उभी असलेली ट्रॉली किंवा रस्ता ओलांडणारी रोही उभी असेल, तर ६० च्या वेगाने येणाऱ्याला ती दिसूनही थांबता येत नाही. गाडी ताशी १२० किलोमीटर जाऊ शकते, ही गोष्ट अशा रस्त्यावर कोणाच्याही कामाची नाही. शंभर ते सव्वाशे सीसीचे इंजिन नवशिक्याला ५० ते ६० च्या वेगाने दिवसभर नेण्यास पुरेसे आहे. महामार्गावर रोज दोघांनी जावयाचे असेल तर सव्वाशे सीसी अधिक बरे, कारण चढावर व ट्रकला ओलांडताना इंजिनाची दमछाक होत नाही.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या दुचाकींना सुधारित ब्रेक बंधनकारक झाले आहेत. सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला असता दोन्ही चाकांना लागणारी जोडणी, असावी लागते. त्यावरील गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक आवळून न घसरू देणारी यंत्रणा. जुनी गाडी विकत घेताना ती २०१९ पूर्वीची की नंतरची, हे पाहण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

ब्रेकविषयी एक समजूत मात्र यंत्राने दूर होणारी नाही. “पुढचा ब्रेक दाबू नको, गाडी उलटते,” असा उपदेश गावोगाव ऐकू येतो आणि त्यामुळे अनेक चालक आयुष्यभर केवळ पायाच्या ब्रेकवर गाडी चालवितात. वस्तुस्थिती अशी की ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, आणि म्हणून थांबविण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करू शकतो. तो झटका देऊन दाबू नये. हँडल सरळ ठेवून, मागच्या ब्रेकबरोबर, हळूहळू दाब वाढवीत नेावा. वळणावर, वाळूवर वा चिखलावर तो जपून वापरावा. मोकळ्या मैदानात ताशी वीसच्या वेगाने याचा सराव पन्नास वेळा केला, तर पुढे रोही समोर आल्यावर हात आपोआप योग्य ते करतो.

भार, पेट्रोल आणि खर्च

युरियाची गोणी ४५ किलोची असते. पासष्ट-पासष्ट किलोची दोन माणसे आणि मध्ये ही गोणी असे मिळून १७५ किलो होतात. साध्या गाडीच्या पुस्तिकेत जो जास्तीत जास्त भार दिलेला असतो, तो साधारणतः दोन माणसांपुरताच असतो. कायदाही मागे एकाच व्यक्तीला बसण्याची मुभा देतो. दुधाचे कॅन रोज न्यावयाचे असतील तर खरेदीच्या वेळीच तसे सांगून मजबूत मागील शॉकअ‍ॅब्सॉर्बरची व लांब कॅरिअरची गाडी निवडावी. नंतर वेल्डिंग करून बसविलेल्या लोखंडी चौकटीने गाडीचा तोल बिघडतो.

पेट्रोलच्या बाबतीत परभणीकरांना कोणी उपदेश करण्याची गरज नाही. मनमाडच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटरांवरून इंधन येत असल्यामुळे परभणीतील पेट्रोलचा दर राज्यातील चढ्या दरांत गणला जातो, आणि २०१८ व २०२१ मध्ये तो देशभरच्या वृत्तपत्रांत गाजला होता. तरीसुद्धा अ‍ॅव्हरेजचा हिशेब प्रत्येकाने आपल्या धावेवरून मांडावा. रोज ८० किलोमीटर जाणे-येणे करणाऱ्याची महिन्याचे २५ दिवस धरून वर्षाला २४,००० किलोमीटर धाव होते. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीला ४०० लिटर लागतील, ४० देणाऱ्या गाडीला ६००. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाकाठी वीस हजारांचा फरक पडतो. हाच फरक गावातल्या गावात दिवसाला दहा किलोमीटर फिरणाऱ्याच्या बाबतीत अडीच-तीन हजारांवर येतो. त्याने ब्रेक व बैठक पाहून थोडी अधिक पेट्रोल पिणारी गाडी घेतली तर बिघडत नाही.

इलेक्ट्रिक मोटारसायकली आणि २०२४ मध्ये बजाजने आणलेली सीएनजीवरील मोटारसायकल हे नवे पर्याय आहेत. ते पाहताना चार्जिंगची सोय घरी आहे काय, वीज किती तास असते, गॅसचा पंप रोजच्या वाटेवर येतो काय, आणि बिघाड झाल्यास तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते काय, एवढे तपासावे. दुरुस्तीचा हा प्रश्न पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे. गंगाखेड वा सेलूच्या मिस्त्रीला जिची खोलाखोल माहीत आहे आणि जिचे क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट बाजारात सहज मिळतात, ती गाडी दिसावयास साधी असली तरी संसाराला पुरते.

किमतीचा विचार करताना फलकावरील किमतीत वाहन कर, नोंदणी व विमा मिळवून येणारी रक्कमच खरी मानावी. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे काही दिलासा मिळाला आहे. वाचलेल्या रकमेतील थोडी रक्कम आयएसआय चिन्हाच्या दोन हेल्मेटांसाठी बाजूला काढावी. दोन यासाठी की कायद्याने ते चालक व मागे बसणारा या दोघांनाही आवश्यक आहे. आणि डोके दोघांनाही असतेच. हप्ते ठरविताना पिकाचा हंगाम ध्यानात घ्यावा. दरमहा पगार नसलेल्या घराला दरमहाचा हप्ता ज्येष्ठ-आषाढात, बी-बियाण्याच्या खर्चाच्या दिवसांत, फार जड जातो.

परवाना आधी, गाडी नंतर

गिअरच्या मोटारसायकलीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रथम शिकाऊ परवाना मिळतो, तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकाऊ परवान्यावर शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणाला मागे बसविता येत नाही. हा महिना उसन्या, जुन्या, हलक्या गाडीवर शिकण्यात घालवावा व मगच स्वतःची गाडी घ्यावी, असे आमचे मत आहे. चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यात पाय न टेकता गाडी फिरविताना, आपल्याला किती वजन पेलते हे ज्याचे त्याला कळते. दहावी-बारावीच्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांनी २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम वाचून ठेवावे : अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

जुनी गाडी घ्यावयाची असल्यास

पहिली गाडी पडते, घासते, तिचा क्लच लवकर झिजतो. म्हणून जुनी गाडी घेण्याचा विचार वाईट नाही. फक्त नोंदणी प्रमाणपत्रातील इंजिन व चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावेत, कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि दंडाच्या पावत्या थकलेल्या नाहीत ना, हे तपासावे. हस्तांतरणाचे नमुने २९ व ३०, आणि बोजा असल्यास नमुना ३५, यांवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावावर न झालेली गाडी अपघातात सापडली तर जुना व नवा असे दोन्ही मालक अडचणीत येतात. २०२५ च्या सप्टेंबरमधील पुरात मराठवाड्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली, तेव्हा बैठकीखाली साचलेला गाळ, हेडलाइटच्या काचेआडचा ओलावा व वायरींच्या जोडांवरील हिरवट गंज यांवरही नजर टाकावी.

गाडी घरी आल्यावर पहिले पाचशे ते हजार किलोमीटर ती बेताने चालवावी आणि पहिली सर्व्हिसिंग वेळेवर करून तेल बदलावे. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. परभणीच्या वैशाखात दुपारी ती हमखास जास्त भरते. मृगाच्या पहिल्या सरींनंतरचा रस्ता तेलकट होऊन सर्वांत निसरडा असतो, तेव्हा त्या दिवशी वेग निम्मा ठेवावा. आणि मडगार्डाखाली बसलेली माती त्याच संध्याकाळी, ती ओली असतानाच, पाण्याने काढावी. एकदा वाळली की ती खरवडताना मातीबरोबर गाडीचा रंगही निघतो.